वेयोंच्या शेवटच्या रांगेचा फोटो

१

गावात माझ्याबद्दल काय बोलतात ते मला चांगलं ठाऊक आहे. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर मी आले की बायका आवाज खाली आणतात. मारिएल बोल्द्युकने वेयोंचं काम अर्ध्यात टाकलं, भरल्या घरात तमाशा केला, वर त्यांची कामाला ठेवलेली बाई पळवून नेली. असंच बोलतात ना? बोलोत. त्यातलं एक अक्षरही खोटं नाही. फक्त का केलं, हे विचारायला आजवर एकजणही माझ्या दुकानाची पायरी चढलेला नाही.

माझं काम साधं. शाळेतल्या मुलांचे वर्गवार फोटो, लग्नं, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला पांढऱ्या झग्यात उभ्या केलेल्या रडव्या मुली, पासपोर्ट. दुकान मी म्हाताऱ्या गोदबूंकडून घेतलं. चौदा वर्षं मी त्यांच्या हाताखाली प्रिंट धुतल्या. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि गिऱ्हाइकांच्या कार्डांचा लाकडी खोका दिला. प्रत्येक कार्डावर त्यांच्या बारीक अक्षरात सूचना होत्या. अमक्यांची आई उजव्या बाजूने काढायची, तमक्यांना चष्म्यातली चमक चालत नाही.

वेयोंच्या कार्डावर लिहिलं होतं: दरवर्षी एकच फोटो. मार्चअखेर, रस चांगला वाहत असेल तेव्हा. दुपारी चार. ट्रायपॉडचे पाय जमिनीतल्या तीन लोखंडी खुंट्यांवर. भिंगावर गडद काच लावून शटर दहा मिनिटं उघडं. माणसं नकोत. आणि खाली, वेगळ्या शाईत: चांगला काढायच्या फंदात पडू नकोस.

या शेवटच्या ओळीचा मला तेव्हाच राग आला होता. चांगला काढू नको म्हणजे काय? मग मला कशाला बोलावता?

२

रोझेर वेयो आणि त्यांची बायको फर्नांद, दोघंही साठीच्या पुढची. मुलं मॉन्ट्रियलला. टेकडीच्या उतारावर मेपलची दोन हजार झाडं, त्यांचा रस आटवून पाक करायचा धंदा, आणि अजूनही बादल्यांवरच काम. शेजारच्यांनी झाडांना प्लॅस्टिकच्या नळ्या जोडून या कष्टातून स्वतःला कधीच मोकळं करून घेतलं होतं. वेयो मात्र दरवर्षी गिरमिटाने एकेक भोक पाडायचे, तोटी ठोकायचे, बादली टांगायचे, वर पत्र्याचं झाकण.

कार्डावरच्या त्या खुंट्या घराच्या दारापासून दहा पावलांवर होत्या. कॅमेऱ्यासमोर एकच गोष्ट यायची, झाडांची शेवटची रांग. एकोणीस झाडं, अंगणापासून सुरू होऊन टेकडीच्या माथ्यापर्यंत चढत गेलेली. बघायला सुंदर होती, खोटं कशाला बोलू. रात्री कडक गोठलेलं, दिवसा ऊन, आणि सगळीकडून रसाचा आवाज. रिकाम्या बादलीत थेंब पडतो तेव्हा टण् असा वाजतो. बादली भरत जाते तसा आवाज जाड होतो, शेवटी नुसतं टप टप.

दहा मिनिटं शटर उघडं ठेवलं की जे हलतं ते फोटोत येत नाही. हे मी सगळ्यांना समजावत असते, कारण लोकांना ते खरं वाटत नाही. भर रस्त्यात असा फोटो काढा, रस्ता रिकामा दिसेल. जे दहा मिनिटं जागचं हलत नाही तेवढंच उमटतं. म्हणून ओदील दोन्ही हातांत बादल्या घेऊन त्या रांगेतून चढत-उतरत होती तरी मी तिला बाजूला हो म्हटलं नाही. ओदील म्हणजे त्यांची कामाची बाई. पन्नाशीची, शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातून आलेली विधवा. पाठीला बाक, पण तोंड फटकळ.

"बाई, माझा फोटो काढताय का? मग मी केस विंचरून येते," ती ओरडली.

"तू दिसणारच नाहीस यात."

"मेल्या नवऱ्यालाही मी कधी दिसले नाही," ती म्हणाली आणि हसत पुढच्या झाडाकडे गेली.

दहा मिनिटांत सगळ्या रांगेचा आवाज जाड झाला. एका बादलीचा नाही. मधूनच कुठूनतरी टण्, टण् चालूच होतं, जसं काही तिच्यात आत्ताच पहिला थेंब पडतोय.

प्रिंट काढली तेव्हा बाराव्या झाडाला लागून एक उभा काळसर पट्टा दिसला. माणसाच्या उंचीचा. मी आधी निगेटिव्हवर ओरखडा शोधला, मग फोटो धुवायच्या औषधाचा डाग. दोन्ही नव्हतं. असेल एखादं तुटकं खोड, म्हटलं, आणि प्रिंट घेऊन गेले.

रोझेरनी ती टेबलावर ठेवली. मी टिपलेल्या उजेडाकडे, सालींवरच्या बर्फाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. खिशातून लाकडी पट्टी काढली, अंगणाकडून झाडं मोजली.

"बारा," ते बायकोला म्हणाले.

फर्नांदने छातीवर क्रूस काढला आणि परत हॅम कापायला लागली.

"काय बारा?" मी विचारलं.

"काही नाही पोरी. बस, सूप घे. गार होईल."

मी वाटाण्याचं सूप प्याले, पाकात शिजवलेली अंडी खाल्ली आणि धुसफुसत घरी आले. माझ्या कामाला पट्टी लावतात! एवढंच त्या वर्षी मनात होतं.

३

दुसऱ्या वर्षी पट्टा सातव्या झाडापाशी होता.

खोड चालत नाही. हे मला माझ्या डार्करूममध्ये, लाल दिव्याखाली, हात औषधात बुडालेले असताना कळलं. मग मी ते करून बसले जे गोदबूंनी कधी केलं नसावं. निगेटिव्हचा तेवढाच भाग मोठा केला. अगदी मोठा, कागदावर दाणे दाणे दिसेपर्यंत. पट्ट्याला खांदे होते. अंगात लांब काहीतरी होतं, कोट म्हणता येईल असं. आणि डोकं बादलीवर झाकण असावं तसं वाकलेलं.

स्वतःशी बरंच भांडले. सावली असेल. ओदीलच तिथे दम खात उभी राहिली असेल. पण त्या दहा मिनिटांत ओदील माझ्या डोळ्यांसमोरून चार वेळा गेली होती, आणि सातव्या झाडापाशी दुसरं कुणीच नव्हतं. मी तिथेच बघत उभी होते.

दुसऱ्या दिवशी गोदबूंना भेटायला वृद्धाश्रमात गेले. ते खिडकीपाशी गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसले होते. मी तो मोठा केलेला कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो लगेच उलटा केला.

"हे करायचं नव्हतंस."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी काढायला लागलो तेव्हा तो एकोणिसाव्याला होता. बरीच वर्षं तिथेच होता. मग अठरा. मग सोळा. शेवटी पंधरा."

"तो म्हणजे कोण?"

"मला काय माहीत? मी फोटो काढायचो."

"आणि मला काही न सांगता तिथे पाठवलंत! चौदा वर्षं मी तुमचे ट्रे धुतले, गोदबू. चौदा वर्षं!"

"सांगितलं असतं तर तू गेली नसतीस," ते शांतपणे म्हणाले. "नुसत्या डोळ्यांनी तो कुणालाच दिसत नाही. कुणीतरी बघत राहायला हवं ना."

"मग त्यांनी स्वतः कॅमेरा घ्यावा!"

"त्यांना बघायचं नसतं, मारिएल. त्यांना फक्त आकडा हवा असतो."

मी उठले. दार आपटलं की काय आठवत नाही. आपटलं असेल तर बरंच झालं.

४

तिथून सरळ वेयोंकडे गेले. रस अजून वाहत होता. ओदील सातव्या झाडापाशी होती. तिने झाकण उचललं, बादली आडवी केली, आत काहीच नव्हतं. तोटीतून मात्र थेंब टपटपत होते. मी बघत असताना तिने बादली परत टांगली, आणि थेंब पडला. टण्.

"ही रोज अशीच," ओदील म्हणाली. "गेल्या वर्षी ती वरची होती. भरतच नाही."

"मग सोडून दे ना तिला."

"छे! रांगेतली एकही बादली चुकवायची नाही, मालकांची सक्त ताकीद. रस असो नसो, रोज प्रत्येक झाकण उघडायचं. आणि ही रांग फक्त मीच करायची. बाकीच्या सगळ्या रांगा ते दोघं करतात."

"तुला विचित्र नाही वाटत?"

तिने बादलीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. फटकळपणा गेला होता.

"वाटतं. झाकण उचलताना हाताच्या मागच्या बाजूला ऊब लागते. कुणाच्या तरी श्वासासारखी. पण मी कुठे जाऊ, बाई? माझं कोण आहे?"

तिच्या आधी या रांगेला एर्व्हे नावाचा गडी होता. तो अर्ध्या हंगामात काही न सांगता निघून गेला, असं घरात म्हणायचे. ओदील त्याच्याच खोलीत झोपायची. त्याचे बूट अजून दारामागे होते, आकार बिघडू नये म्हणून आत वर्तमानपत्र कोंबलेलं. बर्फात निघालेला माणूस बूट ठेवून जातो?

रोझेर रस आटवायच्या साखरघरात होते. मोठ्या लांब कढईखाली लाकडं घालत होते. वाफेने सगळं छप्पर भरलेलं, गोड वास डोक्यात जात होता. मी विचारलं ते सरळच विचारलं.

"त्या रांगेत तुम्ही का जात नाही, रोझेर?"

त्यांनी लाकूड आत सारलं, दार लावलं, हात पुसले.

"तू फोटोग्राफर आहेस पोरी. फोटो काढ."

"ओदीललाच का पाठवता?"

"मग कुणाला पाठवू?" त्यांना खरंच प्रश्न कळला नव्हता. "घरच्या माणसाला कसं पाठवणार?"

इतक्या सहज म्हणाले. पाकाचा फेस झाऱ्याने काढत काढत म्हणाले. मला भीती वाटायला हवी होती, पण मला वाटला तो संताप. ज्या बाईला शोधत कुणी येणार नाही अशी बाई त्यांनी बघून, निवडून आणली होती. आणि त्या रांगेतल्या त्याला घरापासून लांब ठेवायला ती अजून पुरते की नाही, हे दरवर्षी माझ्या कॅमेऱ्याने मोजत होते.

त्याच दिवशी मी ओदीलला म्हटलं, चल माझ्याबरोबर. ती हो म्हणाली नाही. हंगाम अर्ध्यात टाकला तर पुढे कुणी कामाला घेणार नाही म्हणाली. मी जोर केला नाही. ती चूक माझी.

५

तिसऱ्या वर्षी मी जाणारच नव्हते. पण मार्चमध्ये ओदीलने गावातल्या टपाल कचेरीतून फोन केला. "बाई, आता ती तिसरी बादली आहे. स्वयंपाकघरातून ऐकू येतं," एवढंच म्हणाली.

मी गेले, ती फोटोसाठी नाही. तिला आणायला. दारातच रोझेरना सांगितलं की ओदील आजपासून काम सोडतेय.

"आधी फोटो," ते म्हणाले. "आकडा कळू दे. मग जाऊ दे तिला. मी अडवणार नाही."

"फोटो काढेपर्यंत ती या खोलीतून हलणार नाही."

"नाही हलणार."

मी त्या दिवशी एका मिनिटात प्रिंट देणारी फिल्म नेली होती. दुसऱ्यांदा त्या घरात पाऊल टाकायची माझी इच्छा नव्हती. खुंट्यांवर ट्रायपॉड ठेवला, काच लावली, शटर उघडलं, आणि आत निघून आले. दहा मिनिटं त्या रांगेकडे बघत उभं राहायला मी तयार नव्हते.

आतली ती दहा मिनिटं काही चांगली गेली नाहीत. खिडकीचा पडदा ओढलेला होता. फर्नांदने सवयीने ताटं मांडली, डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे, बीन्स, पाव. कुणी खाल्लं नाही. ओदील तिच्या पेटीवर कोट घालून बसली होती.

"आम्ही तिला काही कमी केलं नाही," फर्नांद म्हणाली. "विचार तिला. नाताळला लोकरीची शाल दिली."

"शाल! आणि एर्व्हेला काय दिलं होतंत?"

"मारिएल, तोंड सांभाळ," रोझेर म्हणाले.

"मी का सांभाळू? तुम्ही माणसं सांभाळलीत का?"

फर्नांद रडायला लागली. ओदील हळूच म्हणाली, "एक सांगू? आज सकाळी सगळ्या बादल्या भरलेल्या होत्या. सगळ्या एकोणीस. तिसरीसुद्धा."

रोझेर एकदम उठून उभे राहिले. घड्याळात दहा मिनिटं झाली होती. मी बाहेर गेले, शटर बंद केलं, फिल्म काढून आत आणली. मिनिटभर थांबून कागद सोलला.

रांग रिकामी होती.

एकोणीस झाडं, एकोणीस बादल्या, बर्फ. कुठेही काळा पट्टा नाही. रोझेरनी पट्टी लावून बघितलं, मग हाताने बघितलं, मग खुर्चीत बसले. फर्नांदने त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून मुके घेतले.

"गेला! फर्नांद, गेला गं! माझ्या बापाच्या वेळेपासूनचा!" त्यांनी दारूची बाटली काढली, माझ्याही पुढे ग्लास ठेवला. डोळे भरून आले होते. "ओदील, काढ तो कोट. कुठे जातेस आता? उद्यापासून मी येतो तुझ्याबरोबर त्या रांगेत. शपथ."

ओदीलने माझ्याकडे पाहिलं. तिला कोट काढायचा होता, दिसत होतं मला. जावं कुठे हा प्रश्न तर होताच तिचा.

मी भिंग घेतलं. सवय आहे. कुठलीही प्रिंट मी भिंगाखाली घातल्याशिवाय हातावेगळी करत नाही. वरपासून खाली आले. एकोणीस, बारा, सात, तीन. पहिलं झाड. मग अंगणातला बर्फ. चारच्या उन्हात सूर्य पाठीमागे असतो, त्यामुळे खालच्या कडेला ट्रायपॉडची लांब सावली दरवर्षी येते. तीन पाय आणि वर कॅमेऱ्याचा ठोकळा. ती होती.

तिच्या डाव्या बाजूला, तिला जवळजवळ चिकटून, दुसरी सावली होती.

मी आत होते. आम्ही चौघंही आत होतो. ट्रायपॉडच्या सावलीची कड दहा मिनिटांत जेवढी धूसर झाली होती, तेवढीच हिची. म्हणजे पूर्ण दहा मिनिटं ती जागची हलली नव्हती. खांदे होते. लांब कोट होता. मान वाकवून, कॅमेऱ्यात डोकावतोय अशी.

मी भिंग रोझेरच्या हातात दिलं आणि सावलीवर बोट ठेवलं.

"लावा पट्टी," मी म्हटलं. "लावा ना. इथून तुमच्या दारापर्यंत दहा पावलं आहेत. आता किती आकडा आला तो सांगा बायकोला."

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. ग्लास कलंडला तो कुणी उचलला नाही. पडदा बाजूला करून बाहेर बघावं असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही.

"अजून एक फोटो काढ," रोझेर शेवटी म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "एकच. या बाजूने. घराकडे तोंड करून."

"नाही."

"पोरी, हात जोडतो. कळायला तर हवं कुठवर आलाय."

"तुम्ही जा आणि बघा. तुमच्या अंगणात आहे. तुमच्या बापापासूनचा आहे म्हणालात ना? घरचाच आहे मग."

मी ओदीलची पेटी उचलली. कॅमेरा तिथेच खुंट्यांवर राहिला, गोदबूंचा, पितळी कड्यांचा, माझ्या दुकानातला सगळ्यात चांगला. मागच्या दाराने निघालो, घराला वळसा घालून गाडीत बसलो. मागून फर्नांद हाका मारत होती. मला नाही, ओदीलला.

६

ओदील आता लेव्ही शहरात एका बेकरीत आहे. पहाटेची पाळी करते, पावाला शिव्या देते, बरी आहे. गोदबू त्याच उन्हाळ्यात गेले. त्यांच्या दफनाला मी गेले नाही, त्याचाही लोकांना राग आहे.

वेयोंनी पुढच्या हंगामात झाडांना भोकं पाडली नाहीत. शरद ऋतूत ते मॉन्ट्रियलला मुलाकडे राहायला गेले. जाताना सामान पुढच्या दाराने नाही, खिडक्यांमधून काढलं, असं ट्रकवाल्याने सांगितलं. घर विकायला आहे. गावाच्या मते त्या बिचाऱ्या म्हाताऱ्यांना ऐन कामाच्या दिवसांत मी उघड्यावर टाकलं. मला याची लाज वाटत नाही. मला राग येतो, आणि सहा वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही. त्या घराला गिऱ्हाईक मिळालं तर दलाल त्यांना काय सांगणार आहे? आणि ते कामाला कुणाला ठेवतील?

एक गोष्ट मात्र मी ओदीललाही सांगितलेली नाही.

त्या दिवशी दहा मिनिटं झाल्यावर शटर बंद करायला मी एकटी बाहेर गेले. टेकडीवरून बोचरा वारा सुटला होता, डावीकडून, सरळ अंगणावर. मी धावतच गेले, कोट न घालता. कॅमेऱ्यापाशी उभी राहिले, शटर बंद केलं, फिल्म काढली. बोटं गारठली होती, म्हणून थोडा वेळ लागला. मिनिटभर असेल.

त्या मिनिटात मला वारा लागला नाही.

केस उडाले नाहीत. डाव्या गालाला थोडी ऊब होती. मला वाटलं, वारा पडला. पण मी कॅमेऱ्यापासून एक पाऊल मागे घेतलं, आणि तो होता तसाच वाहत होता.